फळं घातल्यावर गोबरगॅस पेटेनासा झालाय? आधी बादली खाली ठेवा

फळांचा हंगाम भरात आला की हा बिघाड ठरलेला. झाडाखाली सडा पडलेला असतो, क्रेटच्या क्रेट डागी माल उरलेला असतो, आणि गोबरगॅसची टाकी समोरच असते. मग कोणालाही वाटतं, शेणापासून गॅस होतो तर एवढ्या गोड मालापासून किती होईल! होतोही. दोन-तीन दिवस. नंतर शेगडी फुरफुरते आणि विझते.

माझ्या स्वतःच्या प्लांटवर हे तीनदा झालं आणि इतरांचे प्लांट रुळावर आणताना मी ते कितीदा पाहिलं याची मोजदाद ठेवलेली नाही. प्रत्येक वेळी कारण थोडं वेगळं निघतं, पण दहापैकी आठ वेळा गोष्ट एकच असते: टाकी उपाशी नसते, तिला अपचन झालेलं असतं. आणि गॅस कमी झाला म्हणून माणूस तिला आणखी खाऊ घालतो.

लक्षणं कशी दिसतात

पहिलं लक्षण फसवं आहे. फळं घातल्याच्या दुसऱ्या दिवशी गॅस वाढतो. तरंगती टाकी असेल, म्हणजे गॅस साठेल तशी वर-खाली होणारी, तर ती नेहमीपेक्षा वीतभर वर आलेली दिसते. माझ्या पहिल्या हंगामात पपईचे तीन क्रेट एका दिवसात ओतले होते. सकाळी टाकी पार वर आलेली बघून मी घरात ओरडून सांगितलं होतं, "बघा, दुप्पट!" तो वाढलेला गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइड होता, जो पेटत नाही. चौथ्या दिवशी टाकी तशीच वर आणि शेगडीवर काडीमागून काडी वाया.

त्यानंतरची लक्षणं साधारण या क्रमाने येतात. ज्योत निळी असली तरी बर्नरवरून उचलली जाते, भणभण करते, भांडं ठेवलं की विझते. मग काडी धरलेली असेपर्यंतच पेटते. मग तीही नाही. आउटलेटमधून (बाहेर पडायच्या तोंडातून) येणारी रबडी, म्हणजे पचून निघालेला पातळ माल, काळपट-तपकिरी असायची, ती करडी किंवा पिवळसर होते, वर फेस येतो. वास बदलतो. चांगल्या रबडीला ओल्या मातीसारखा मंद वास असतो. बिघडलेली रबडी व्हिनेगरसारखी नाकात चढते, कधी लोणी खवट झाल्यासारखी. शेवटी गॅसच थांबतो.

यातली सगळी लक्षणं दिसायलाच हवीत असं नाही. दाब चांगला आहे आणि तरी पेटत नाही, एवढं एक लक्षण असलं तरी पुढच्या तपासण्या करा. क्रम मात्र मोडू नका. टाकीला दोष देण्याआधी फुकटात होणाऱ्या गोष्टी पाहायच्या, कारण टाकीवर केलेला चुकीचा उपाय परतवायला महिना जातो.

शेगडी आणि नळी: दहा मिनिटं, खर्च शून्य

बर्नरखालची हवेची झडप पूर्ण बंद करून पेटवून बघा. बायोगॅसची ज्योत मुळातच संथ असते, हवा थोडी जास्त झाली की ती बर्नर सोडून वर जाते. झडप बंद केल्यावर ज्योत टिकली आणि हळूहळू उघडल्यावर निळी झाली, तर बिघाड तिथेच संपला. झडप बंद असतानाच टिकते आणि जराशी उघडली की विझते, याचा अर्थ गॅसमध्ये मिथेन, म्हणजे जळणारा भाग, घटलाय, पुढे वाचा. सिलिंडरच्या गॅसची शेगडी तशीच जोडली असेल तर तिच्या जेटचं भोक बायोगॅसला लहान पडतं. ती शेगडी बायोगॅससाठी बदलून घेतल्याशिवाय तिच्यावरून कसलाही निष्कर्ष काढू नका.

मग नळीतलं पाणी. टाकीतून निघणारा गॅस ओलसर असतो, नळीत थंड झाला की त्याचं पाणी होतं आणि नळी जिथे झोळ खाते तिथे साचतं. ज्योत श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत असेल, मध्येच गुडगुड ऐकू येत असेल, तर पाणीच आहे. ट्रॅपचा (नळीतलं पाणी जमायला बसवलेल्या भांड्याचा) कॉक उघडून पाणी काढा. ट्रॅप नसेल तर नळी सर्वांत खालच्या जागी सोडून काढा, अर्थात टाकीचा मुख्य कॉक बंद करून आणि जवळपास विस्तव नसताना. ढगाळ, थंड दिवसांत हे आठवड्याला करावं लागतं. फळांचा हंगाम आणि ही वेळ एकत्र आली की लोक उगाच फळांना दोष देतात, हेही पाहिलंय.

दाब मोजायला पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरा, एक टोक गॅसच्या लाइनला जोडा, दुसरं उघडं ठेवा. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे दाब. तरंगत्या टाकीत तो साधारण ८ ते १० सेंटिमीटर असतो आणि फारसा बदलत नाही. पक्क्या, म्हणजे न हलणाऱ्या घुमटाच्या प्लांटात गॅस साठेल तसा वाढतो, वापरला की उतरतो. दाबच नसेल तर गळती शोधा: प्रत्येक जोडावर साबणाचं दाट पाणी लावायचं आणि बुडबुडे बघायचे. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजूनही आहेत. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की स्फोट होतो. गॅस पेटतो का हे बघायचं ते फक्त शेगडीवर, टाकीच्या तोंडाशी कधीच नाही.

दाब आहे, पाणी नाही, शेगडी ठीक आहे, तरी पेटत नाही. आता टाकीकडे वळू.

वही

गेल्या दहा दिवसांत काय, किती घातलं ते लिहून काढा. आठवून नव्हे, घरातल्या प्रत्येकाला विचारून. एकदा एका काकांचा प्लांट बघायला गेलो होतो. ते शपथेवर सांगत होते की रोज एकच घमेलं फळं जातात. खरं होतं, त्यांचं एकच जात होतं. दुसरं त्यांचा मुलगा संध्याकाळी टाकत होता आणि तिसरं गड्याच्या हातून सालींचं जायचं. तीन माणसं, प्रत्येकाचं एक घमेलं.

हे का महत्त्वाचं, ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे उपाय यावर उभे आहेत. टाकीत सूक्ष्मजीवांच्या दोन टोळ्या काम करतात. पहिली टोळी साखर-पिष्ट तोडून आम्लं बनवते. ती झपाट्याने वाढते, काही तासांत दुप्पट होते. दुसरी टोळी ती आम्लं खाऊन मिथेन बनवते. तिला दुप्पट व्हायला दिवस लागतात. शेण हे जनावराच्या पोटातून आधीच पचून आलेलं असतं, सावकाश विरघळतं, म्हणून दोघींचा वेग जुळतो. फळातली साखर दोन-तीन दिवसांत सुटते. पहिली टोळी तुटून पडते, आम्लाचा ढीग लावते, दुसरीला ते झेपत नाही, आणि आम्ल वाढलं की दुसरी आणखी मंदावते. इथून पुढे उतरंड.

शिवाय फळात नत्र कमी असतं. टाकीला एका भाग नत्रामागे २० ते ३० भाग कर्ब लागतो. शेण त्यात बसतं, नुसती फळं बहुधा त्याच्या वर जातात. आम्ल झेलण्याची ताकद तर फळात जवळजवळ नाहीच, ती शेणाबरोबर येते. म्हणून निव्वळ फळांवर छोटा प्लांट चालवण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

हिशेब असा मांडा. रोज २ घनमीटर गॅसच्या प्लांटला ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. म्हणजे टाकी आधीच भरपेट जेवतेय. त्यामुळे फळं शेणाच्या *वर* घालायची नसतात, शेणाच्या *बदल्यात* घालायची असतात: ४० किलो शेण, १० किलो फळं, यापुढे मी जात नाही. तिथेही एकदम पोचत नाही. पहिल्या आठवड्यात रोज २ किलो, मग दर आठवड्याला २ किलो वाढ. फळात ८० ते ९० टक्के पाणीच असतं, तेव्हा बादलीतलं पाणी त्या मानाने कमी करायचं. नाहीतर टाकीतला माल पचायच्या आत बाहेर ढकलला जातो.

वहीत अचानक उडी दिसली, तर बहुतेक निदान झालं. खात्री पुढच्या तपासणीत.

पीएच पट्टी

पीएच म्हणजे रबडी किती आंबट याचं माप, आकडा जितका कमी तितकी ती आंबट. पट्टी ५ ते ९ या टप्प्यातली घ्या, अर्ध्या-अर्ध्या अंकाचा रंग दाखवणारी. निळा-लाल लिटमस इथे काही कामाचा नाही. नमुना सकाळी, खुराक घालण्याआधी, आउटलेटमधून घ्यायचा. पण आउटलेटच्या कुंडीत वर साचलेली शिळी रबडी उपयोगाची नसते. दोन-तीन बादल्या काढून टाका आणि खालून येईल ती ताजी घ्या. लगेच पट्टी बुडवा. भांड्यात अर्धा तास ठेवली तर तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. ही चूक मी अख्खा एक हंगाम केली, नमुना घरी नेऊन चहा झाल्यावर बघायचो. रोज ७, आणि शेगडी मेलेली.

६.८ ते ७.५ असेल तर आम्लाचा त्रास नाही, थेट "विष" या भागात जा. ६.५ ते ६.८ असेल तर फळं आजपासून बंद, शेण निम्मं. ६.५ च्या खाली असेल तर सगळंच बंद. ६ च्या खाली उतरून आठवडा झाला असेल तर दुसरी टोळी जवळजवळ झोपलेली आहे. बाहेरून मदत लागेल.

एक लक्षात असू द्या: पीएच उशिरा बोलतो. शेणातला क्षार आम्ल झेलत असतो तोवर पट्टी चांगलंच दाखवते, आणि क्षार संपला की एका आठवड्यात कोसळते. ज्योत त्याच्या आधी बोलते. म्हणून पट्टी ७ दाखवत असली तरी हवेची झडप रोज थोडी जास्त बंद करावी लागत असेल, तर फळं तेव्हाच कमी करा.

उपाय, सोप्यापासून

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे काहीच न घालणं. टाकीत साचलेलं आम्ल हेच दुसऱ्या टोळीचं जेवण आहे. तिला ते संपवू द्या. सात ते दहा दिवस इनलेट (माल घालायचं तोंड) बंद. हा उपाय लोकांना पटत नाही. चुलीवर स्वयंपाक करायची वेळ आलेली असते, घरचे तोंडाकडे बघत असतात, हात शिवशिवतात. थांबा. या काळात पेटत नसलेला गॅस उघड्यावर, घरापासून आणि विस्तवापासून लांब सोडून द्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड निघून जातो. रोज एकदा हवेची झडप बंद ठेवून शेगडी लावून बघा. काडी दूर केल्यावर ज्योत दहा सेकंद जरी टिकली, तरी गाडी वळलीय. त्यानंतर निम्म्या शेणाने सुरुवात करायची, दहा दिवस नुसतं शेण, मग फळं २ किलोपासून.

दहा दिवसांत फरक नसेल तर विरजण. जवळच्या चांगल्या चालणाऱ्या प्लांटची ताजी रबडी आणा, टाकीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी; ४,००० लिटरच्या टाकीला ४०० लिटर. ती उन्हात पडलेली, वाळलेली नको. आणली त्याच दिवशी घाला. नुसत्या ताज्या शेणानेही काम होतं, पण वेळ जास्त जातो, कारण चालू प्लांटच्या रबडीत दुसरी टोळी दाटीवाटीने भरलेली असते.

पीएच ६.५ च्या खालीच अडून बसला असेल तर खाण्याचा सोडा. दर १,००० लिटरला १ किलो, पण एका दमात नाही. चार भाग करा, रोज एक भाग बादलीभर पाण्यात विरघळवून इनलेटमधून सोडा. एकदम घातला तर आम्लाशी भेटून फसफसतो, फेस नळीत चढतो. चौथ्या दिवशी पट्टी लावा. गरज वाटली तर आणखी एक फेरी, त्यापुढे नाही. सोडा आम्ल तात्पुरतं झेलतो, मूळ कारण तसंच राहतं.

चुना स्वस्त आहे आणि सगळे तोच सुचवतात. मी टाळतो. तो टाकीतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि खडू होऊन तळाशी बसतो. पक्क्या घुमटात दाब एकदम उतरून हवा आत खेचली जाण्याची भीती असते. शिवाय हात जरा जड झाला की पीएच ८ च्या पार जातो आणि मग उलट्या बाजूने तीच रड.

पीएच बरोबर, तरी गॅस नाही: विष

इथे सुगावा वहीतच असतो. गोठ्यातल्या जनावराला अँटिबायोटिक चालू असेल तर त्याचं शेण टाकीत नको. औषध थांबल्यावरही आठ-दहा दिवस मी ते बाजूला टाकतो. फिनेल टाकून गोठा धुतला आणि पाणी इनलेटला गेलं, हा दुसरा नेहमीचा गुन्हेगार. फवारणी होऊन दोन दिवस न झालेली फळं तिसरा.

चौथा फळातच असतो. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतलं तेल मिथेन बनवणाऱ्या टोळीला मारक आहे. साल हातात चुरगाळली की जो झणझणीत वास येतो तोच. रस काढून उरलेल्या साली घमेल्याने टाकणाऱ्यांचा प्लांट पीएच चांगला असतानाही मंदावतो. माझ्याकडे त्या साली सरळ कंपोस्टच्या खड्ड्यात जातात.

थंडीचंही बघा. टाकी ३० ते ३८ अंशांना खुशीत असते, २० च्या खाली रेंगाळते, १५ च्या खाली जवळपास थांबते. रबडीत थर्मामीटर बुडवा. थंडीत फळांचं प्रमाण निम्म्यावर आणा. दुसरं काही करण्यासारखं नसतं.

साय आणि गाळ

साली, देठ, चोथा वर तरंगून वाळतो आणि जाड साय धरतो. गॅस खाली अडकतो. इनलेटमधून लांब बांबू घालून खालीवर केल्यावर बुडबुडे फुटून आले, तर साय आहे. रोज पाच मिनिटं ढवळलं तर आठवड्याभरात सुटते. कोयी, बिया, आठळ्या तळाशी बसतात. त्या पचत नाहीत, फक्त जागा खातात. म्हणून कोय काढूनच फळ आत. तुकडे दोन-तीन सेंटिमीटरचे पुरे. मिक्सरसारखा लगदा करू नका, साखर आणखी पटकन सुटते.

बांबू खाली टेकतच नसेल, आउटलेटमधून रबडी निघतच नसेल, तर टाकी रिकामी करावी लागेल. इथे तुमचं काम संपलं.

हात कधी थांबवायचा

टाकीत उतरायचं नाही. रिकामी दिसली तरी नाही, "दोनच मिनिटं" नाही, कमरेला दोर बांधूनही नाही. आत प्राणवायू नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचा सडक्या अंड्याचा वास थोड्या प्रमाणात येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. आत कोणी कोसळलं तर मागून उडी मारणारा दुसरा बळी ठरतो. टाकी उपसायची यंत्रं, हवा खेळवायचे पंखे आणि श्वासाची उपकरणं असलेल्यांनाच बोलवा.

घुमटाला तडा, तरंगती टाकी तिरकी होऊन अडकलेली, टाकीच्या पत्र्याला भोक, ही कामंही प्लांट बांधणाऱ्या तज्ज्ञाचीच. गॅस असलेल्या टाकीवर वेल्डिंग करणं म्हणजे बाँबवर वेल्डिंग करणं. घरात गॅसचा वास येत असेल तर बटणं चालू-बंद न करता खिडक्या उघडा, बाहेरचा कॉक बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि मग फोन. आणि उपास, विरजण, सोडा हे तिन्ही नीट करून चार आठवडे झाले तरी ज्योत टिकत नसेल, तर रबडीचा नमुना प्रयोगशाळेत आम्ल आणि क्षार दोन्ही मोजायला द्या. त्यापुढे अंदाजाने काही घालत बसू नका.

उरलेल्या मालाचं काय

रोज १० किलोच जाणार आणि बांधावर ५०० किलो पडलेलं, ही खरी अडचण. फळं तुकडे करून प्लास्टिकच्या ड्रममध्ये दाबून भरा, वर वजन ठेवा. दोन-चार दिवसांत आंबून पीएच ४ च्या आसपास उतरतो आणि त्या आंबटपणात माल कित्येक आठवडे टिकतो. तोच रोज मापाने काढून शेणात कालवून घालायचा. बुरशी धरलेला वरचा थर कंपोस्टला. आंबलेल्या मालाचा वास घेऊन दारूची भट्टी लावायची कल्पना कोणी ना कोणी मांडतंच. त्याला परवाना लागतो आणि अल्कोहोलची वाफ आग धरते, दोन्ही आपल्या आवाक्याबाहेरचं.

ड्रमचं झाकण मात्र घट्ट पिळू नका. माझ्या एका ड्रमचं झाकण रात्री दोन वाजता उडून गोठ्याच्या पत्र्यावर आदळलं होतं आणि सकाळी म्हशीच्या पाठीवरून पेरूचा गर खरवडत बसलो होतो. आता झाकणाला पेन्सिलच्या जाडीचं भोक आहे, त्यात एक नळी, आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत.